टोकरखाड्यातला बुधवार

स्वतःच्याच घराचं दार वाजवून आत जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. खिशातून किल्ली काढायची, कुलूप उघडायचं, दार ढकलायचं, आणि मग त्या उघड्या दारावर बोटांनी हलकी टकटक करून, क्षणभर थांबून, आत पाऊल टाकायचं. घरात दुसरं कोणी राहत नव्हतं. पहिल्यांदा मी त्यांच्यामागे जिन्यात उभा होतो, तेव्हा मला ती गंमत वाटली आणि मी हसलो. ते हसले नाहीत. "एकदम आत गेलं की दचकायला होतं," एवढंच म्हणाले. कोणाला, ते मी विचारलं नाही.

सिल्व्हासाला मी ज्या सुताच्या कारखान्यात लागलो, तिथे ते मेंटेनन्सचे प्रमुख होते. मूळचे नाशिकचे, लग्न न केलेले, पन्नाशी ओलांडलेले. उंच, किंचित वाकलेले, आणि शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. आमच्या खात्यात बहुतेक पोरं धुळे, नंदुरबार, जळगावकडची. ती त्यांच्या माघारी त्यांना 'कोरियावाले साहेब' म्हणायची. साहेब कोरियाला कधीच गेले नव्हते. नाशिक, मुंबई आणि सिल्व्हासा सोडून ते फारसे कुठेच गेले नव्हते. नाव पडलं ते बुधवारच्या जेवणामुळे.

दर बुधवारी संध्याकाळी साहेब टोकरखाड्यातल्या आपल्या फ्लॅटवर डुकराचं मांस शिजवायचे, कोरियन पद्धतीचं, लाल, तिखट-गोड. एवढी एकच गोष्ट त्यांना करता यायची. बाकीचे दिवस त्यांचा डबा यायचा, तोही शुद्ध शाकाहारी. बुधवार यासाठी की अथालच्या बाजूला डुकरं पाळणारा एक माणूस होता, तो बुधवारी सकाळी मांस द्यायचा. साहेब शिफ्टला येतानाच ते घेऊन यायचे आणि लॅबच्या फ्रीजमध्ये, नमुन्यांच्या बाटल्यांमागे, काळ्या पिशवीत ठेवायचे. लॅबवाल्या पटेलभाईंना त्यात पनीर आहे असं सांगितलेलं होतं. पटेलभाईंना ते पटत नव्हतं, पण त्यांनी पिशवी कधी उघडून पाहिली नाही.

आठवड्याला एखाद्याला जेवायला बोलावणं हाही त्या रिवाजाचा भाग. मी नवा होतो, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर राहत होतो, डोकमर्डीला एका खोलीत तिघं मिळून. साहेबांनी मला मशीनपाशी गाठून विचारलं, "डुक्कर चालतं का तुला?" आमच्या घरी बोकड चालायचं, कोंबडी चालायची, डुकराचं नाव काढलं असतं तर आईने मला अंगणात आंघोळ घातली असती. मी चालतं म्हणालो. घरी फोनवर चिकन सांगितलं.

त्या संध्याकाळी जे पाहिलं, ते पुढे प्रत्येक बुधवारी तसंच व्हायचं. साहेब दार वाजवून आत गेले. बूट काढून त्यांची टोकं दाराकडे करून ठेवले. मला हॉलमधल्या वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि मग एकेक आवाज बंद करत गेले. पंखा बंद केला. फ्रीजचं बटण बंद केलं. भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात, कपड्यांच्या घडीत ठेवलं. मला फोन बंद करायला सांगितला. शेवटी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं.

एप्रिल होता. सिल्व्हासातला एप्रिल ज्याने पंख्याशिवाय काढलाय त्यालाच कळेल. मी घामाने निथळत त्या शांततेत बसलो होतो, आणि लोटलेल्या दारापलीकडून सुरीचा आवाज येत होता. मधेच सुरी थांबायची आणि साहेब हळू आवाजात म्हणायचे, "हो... बरं." पुन्हा सुरी. पुन्हा, "एवढं? बरं." मला वाटलं, एकटी माणसं स्वतःशी बोलतात तसं असेल. पण स्वतःशी बोलणारा माणूस प्रश्न विचारून उत्तरासाठी इतका वेळ थांबत नाही.

कुकरचा भात होऊन वाफ जिरेपर्यंत सगळं तयार असायचं, इतकं ते झटपट होतं. साहेब घामाने भिजलेले, डोळे लाल झालेले बाहेर आले. शाळेत बाईंनी आधी रागावून मग शाबासकी दिलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा होता. चपटी मोठी कढई मध्ये ठेवली. तिच्यात पातळ कापलेलं मांस, कडेला करपल्यासारखं झालेलं, लाल रसात चमकत होतं, वर कांद्याची पात आणि भाजलेले तीळ. सोबत भात आणि उकळत्या पाण्यातून काढलेली कोबीची पानं. पानात भात आणि मांस घ्यायचं, पुडी बांधायची आणि अख्खी तोंडात घालायची. मी पहिली पुडी खाल्ली आणि लगेच दुसरी बांधायला घेतली. तिखट होतं, गोड होतं, आणि त्या गोडीच्या तळाशी काहीतरी मातकट, मऊ, ओळखीचं होतं.

"काय घातलंय यात?" मी विचारलं.

"चिकू," साहेब म्हणाले. "अगदी पिकून लिबलिबीत झालेला. हाताने कुस्करून."

कृती ते कुणालाही मोकळेपणाने सांगायचे. मांस आधी अर्धवट गोठवायचं, म्हणजे कागदासारखे काप निघतात. लसूण भरपूर, आलं थोडं, सोया सॉस, साखर, लाल मिरचीची ती आंबवलेली कोरियन पेस्ट आणि चिकू. हाताने चोळायचं. कढई धुरावेपर्यंत तापवायची, मांस पसरायचं आणि मग ढवळायचं नाही. इथे सगळे चुकतात, असं ते म्हणायचे. एक बाजू लाल-काळी होईपर्यंत हात आवरायचा, मग परतायचं, कांदा टाकायचा, शेवटी तिळाचं तेल. खात्यातल्या दोघांनी घरी करून पाहिलं. त्यांचं नुसतं तिखट झालं. कुणी साहेबांचं कौतुक केलं की ते ठरलेलं वाक्य बोलायचे, "मी आचारी नाही, मी मदतनीस." आम्ही तो विनय समजायचो.

हे त्यांना कोणी शिकवलं, ते कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. मी लागायच्या आधी आमची नवी मोठी मशीन कोरियाहून आली होती आणि ती बसवायला तिकडून एक वयस्कर इंजिनियर आले होते. त्यांना सगळे कोरियन सर म्हणायचे. बरेच महिने ते कंपनीच्या गेस्ट हाऊसवर राहिले. कोणाशी बोलायचे नाहीत, कँटीनचं जेवण त्यांच्या गळ्याखाली उतरायचं नाही. साहेब आणि ते दिवसभर मशीनपाशी एकत्र असायचे, आणि बुधवारी साहेबांच्या घरी जेवायचे. मशीन चालू व्हायला थोडेच दिवस राहिले असताना एका सकाळी कोरियन सर गेस्ट हाऊसवर झोपेतून उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं सांगितलं. पेटी मुंबईहून विमानाने गेली. "सरांनी मला हे शिकवलं," असं साहेब सांगायचे, आणि त्यांच्या आठवणीत ते करतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

कामावर साहेबांचा विक्षिप्तपणा आणखी वेगळा. मशीन बिघडली की सगळे धावायचे, हे हात मागे बांधून उभे राहायचे. कोणी पाना उचलला की म्हणायचे, "थांब. अजून नाही." आणि कान देऊन ऐकत राहायचे. सुताच्या कारखान्यात एवढी घरघर असते की शेजारच्या माणसाचं बोलणं त्याच्या ओठांवरून वाचावं लागतं. त्या गोंगाटात हा माणूस डोळे मिटून काय ऐकायचा, ते कळायचं नाही. प्रॉडक्शन मॅनेजर चिडायचे. साहेब म्हणायचे, "सांगणारं सांगतं. आपण बोलत असलो तर कसं सांगणार?" कधी त्यांचं बरोबर निघायचं, कधी साफ चुकायचं. चुकलं तरी त्यांना वाईट वाटायचं नाही. मशीनच्या पत्र्यावर थोपटून ते पुढे जायचे.

मी त्यांच्याकडे वरचेवर जाऊ लागलो. का, ते सांगता येणार नाही. जेवण तर होतंच. पण त्या बंद पंख्याखालच्या शांततेची मला सवय लागली होती, आणि थोडी भीतीही वाटायची, आणि ती भीती पुन्हा पाहून यावीशी वाटायची.

एका बुधवारी मी फोन बंद करायला विसरलो. आत मांस कढईत पडल्याचा चर्र आवाज झाला आणि त्याच वेळी माझ्या खिशात फोन मोठ्याने वाजला. मी धांदलीत तो काढतोय तोवर स्वयंपाकघराचं दार उघडून साहेब बाहेर आले. रागावले नव्हते. पांढरेफटक पडले होते. मला हाताने खूण करून फोन बंद करायला लावला आणि तिथेच, माझ्यासमोर, दाराला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात मसाल्याने लाल.

आम्ही दोघंही तसेच थांबलो. आणि आतून कालथ्याचा आवाज आला. कढईच्या तळाला लोखंड घासल्याचा, मांस खालून सोडवून उलटं करताना येतो तो. एकदा. मग थोड्या वेळाने पुन्हा.

साहेबांचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते. मी त्या हातांकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. मान किंचित तिरकी करून ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा पांढरेपणा हळूहळू उतरत होता. "करपलं नाही," ते हळूच म्हणाले, आणि आत गेले.

मी त्या दिवशी जेवलो. उठून पळून जावं असं वाटत होतं, पण ताट समोर आल्यावर खाल्लं. नेहमीसारखंच झालं होतं. खोलीवर गेल्यावर मित्रांना सांगायला गेलो आणि सांगता आलं नाही. काय सांगणार होतो? कालथा वाजला?

पुढच्या खेपेला जिन्यात मला वरच्या मजल्यावरच्या मासी भेटल्या. गुजराती कुटुंब, कांदासुद्धा न खाणारं. साहेबांच्या घरातून वास येतो म्हणून त्या तक्रार करतील असं मला वाटलं. पण त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "साहेबना घेर पेलां बेन कोण छे?" साहेबांच्या घरी ती बाई कोण आहे? मी म्हणालो, कोणीच नाही, साहेब एकटेच असतात. मासींना ते आवडलं नाही. मी लपवतोय असं त्यांना वाटलं. त्या म्हणाल्या, बुधवारी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेलं की खालून ऐकू येतं, रांधता रांधता गुणगुणतात, आवाज गोड आहे, पण भाषा समजत नाही. मी म्हणालो, टीव्ही असेल. मासी वर निघून गेल्या. साहेबांकडे टीव्ही नव्हता.

त्यानंतर मीही कान लावून बसू लागलो. आणि ऐकू आलं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर मला खात्री नाही. कढईची चुरचुर, कुकरची वाफ, आणि त्याखाली कधी कधी एक बारीक सूर, नाकातून काढल्यासारखा. लक्ष दिलं की जायचा. लक्ष काढलं की पुन्हा यायचा.

असं सगळं चाललेलं असताना कोरियन सरांची मुलगी सिल्व्हासाला आली. तिशीतली बाई, बारीक, केस आखूड, पाठीवर छोटी बॅग. वडील शेवटी कुठे राहिले, काय काम करत होते, ते तिला पाहायचं होतं. कंपनीने गाडी दिली, आणि इंग्रजी बऱ्यापैकी बोलतो म्हणून मला बरोबर दिलं. मी तिला गेस्ट हाऊसची खोली दाखवली. तिथे आता दुसरं कोणी राहत होतं. तिने दारातूनच पाहिलं, आत गेली नाही. मशीन दाखवली. तिने कानांवर हात ठेवून ती बराच वेळ पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण खांदे इतके आखडलेले होते की पाहणाऱ्याचे दुखावेत. साहेबांना भेटली तेव्हा तिने कमरेत वाकून नमस्कार केला. साहेबांना काय करावं कळेना, त्यांनी हात जोडले. मग मला म्हणाले, हिला सांग, संध्याकाळी जेवायला ये.

दिवस बुधवारचा होता. तो कोणी ठरवून निवडलेला नव्हता.

संध्याकाळी साहेबांनी पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, घड्याळ कपाटात ठेवलं. ती हे सगळं पाहत होती. तिने मला काही विचारलं नाही, मीही समजावलं नाही. साहेब आत गेले. त्या दिवशी त्यांचं "हो, बरं" एकदाही ऐकू आलं नाही. सुरी चालली, कढई तापली, मांस पडलं, आणि बाकी सगळी निःशब्द शांतता. एवढ्या वेळात ती खुर्चीच्या कडेवर सरकून, दाराकडे तोंड करून बसली होती.

जेवण आलं. तिने कोबीच्या पानात पुडी बांधली, तोंडात घातली, चावली. मग चावणं थांबवलं. बराच वेळ तोंडातला घास तसाच धरून बसली. गिळल्यावर तिने मला विचारलं की हे कुणी शिकवलं. मी साहेबांना विचारलं. साहेब नेहमीचंच बोलले, "सरांनी."

तिने मान हलवली. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण ती जे बोलली ते मी शब्दन् शब्द साहेबांना सांगितलं. तिच्या वडिलांना पाणीसुद्धा उकळता येत नव्हतं. स्वयंपाकघरात ते कधी पाय ठेवत नव्हते. हे तिची आई करायची. त्यांच्या अंगणात एक झाड होतं, त्याला केशरी फळं यायची, टोमॅटोसारखी दिसणारी, पिकल्यावर लिबलिबीत होणारी. या मांसात कोणी नासपती घालतं, कोणी सफरचंद, पण तिची आई ते अंगणातलं फळ कुस्करून घालायची. दुसरं कोणी तसं करताना तिने पाहिलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, वडील भारतात यायच्या कितीतरी आधी.

मी सांगत गेलो आणि माझाच आवाज मला परका वाटायला लागला. साहेब ताटाकडे पाहत होते.

ती उठली. कोणाला न विचारता स्वयंपाकघराकडे गेली. साहेब अर्धवट उठले, आणि पुन्हा बसले. तिने दारावर बोटांनी हलकेच वाजवलं. मग आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही दोघं बाहेर बसून राहिलो. आतून आधी काहीच आलं नाही. मग नळाचं पाणी. मग कोणीतरी हळू बोलल्यासारखं. आणि मग ते गुणगुणणं, या वेळी नीट, स्पष्ट, माझं लक्ष असूनही न जाणारं. मुलगीच गात असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात त्या सुरात दुसरा सूर मिसळला. की तो त्याच आवाजाचा भिंतींमधला घुमारा होता? मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ घट्ट दाबून धरले होते.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केसांना पाणी लागलेलं होतं. तिचे खांदे सैल सुटले होते. दिवसभरात पहिल्यांदा मला ती तरुण दिसली. पुन्हा बसून तिने पोटभर खाल्लं, कढई पुसून घेतली. निघताना ती साहेबांसमोर इतकी खाली वाकली की कपाळ गुडघ्यांना लागेल असं वाटलं. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दारात तिने माझा फोन नंबर विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

पुढच्या बुधवारी साहेबांनी बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो. दार उघडंच होतं. पंखा चालू होता, फ्रीज घुरघुरत होता. साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. "ये, आत ये," म्हणाले. "आता काही हरकत नाही."

इतक्या दिवसांत मी ते स्वयंपाकघर पहिल्यांदा पाहिलं. एक ओटा, दोन शेगड्या, एक खिडकी. पाहण्यासारखं काहीच नव्हतं. ओट्यावर कापलेलं मांस तसंच पडलं होतं. साहेब ओट्याला टेकून उभे राहिले आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

कोरियन सरांनी त्यांना काहीच शिकवलं नव्हतं. सर पहिल्यांदा घरी आले ते हातात मांस आणि लाल पेस्टचा डबा घेऊन. दोन्ही ओट्यावर ठेवले, 'तुम्ही करा' अशी खूण केली, आणि हॉलमध्ये वेताच्या खुर्चीवर बसले ते थकून झोपलेच. साहेबांनी जन्मात अंडंसुद्धा हातात धरलेलं नव्हतं. त्यांना शिसारी आली होती. पण पाहुणा उपाशी होता. सुरी उचलली, आणि मागून, खांद्याजवळून, कोणीतरी उसासा टाकला. पुरुषमाणसाने सुरी चुकीची धरलेली पाहून बायका टाकतात तसा. त्यांनी वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"शब्द कळत नव्हते," साहेब म्हणाले. "काय करायचं ते कळत होतं. हे आधी, ते मग. थांब, अजून नाही."

मग कुठलंतरी फळ हवं होतं, ते कोणतं हे त्यांना उमजेना. मऊ, गोड, कुस्करायचं, एवढंच कळलं. टोपलीत चिकू होते, ते घेतले. मागून ती दबकं हसली, असं ते म्हणाले.

त्या संध्याकाळी सर जागे झाले, पहिला घास खाल्ला आणि वाडगा खाली ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिले. नंतर दर बुधवारी येऊ लागले, आणि साहेब आत असताना त्या दाराकडे तोंड करून बसू लागले. "मला आधी वाटायचं, माझ्याकडे जेवायला येतात. ते ऐकायला येत होते रे."

सर गेल्यावर, पेटी मुंबईला रवाना करून साहेब घरी आले, तेव्हा त्यांना वाटलं सगळं संपलं. पण पुढच्या बुधवारी दार उघडलं तर आत तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता.

"ती त्यांच्या मागे मागे आली होती," साहेब म्हणाले. "ते गेले. परत कसं जायचं, तिला कोण सांगणार? विमान, पेटी, सह्या. तिला कोणी विचारलंच नसेल. इथे एकटी, भाषा येत नाही. काहीतरी काम तरी असावं म्हणून मी मांस आणत राहिलो." त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. "मुलगी न्यायला आली होती. बरंच झालं."

बरं झालं असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि मला कळलं की भुताच्या गोष्टीला घाबरायचं वय माझं तिथे, त्या ओट्यापाशी संपलं. मला त्यांचीच भीती वाटत होती. म्हणजे त्यांचं आता कसं होईल, याची.

त्यांनी त्या दिवशी मांस शिजवलं. मी शेजारी उभा राहून पाहिलं. सगळं तेच, त्याच क्रमाने. चामड्यासारखं झालं. पुढच्या बुधवारीही तसंच. मग त्यांनी अथालला जाणं सोडलं. घरात शिरताना दार वाजवणंही सोडलं. कामावर ते बरेच सुधारले, असं मॅनेजर म्हणायला लागले. मशीन बिघडली की साहेबही आता सगळ्यांसारखे लगेच पाना उचलायचे. ऐकत उभे राहायचे नाहीत. चहाच्या वेळी विनोदही सांगायचे. खात्यातल्या पोरांना ते आवडायला लागले. मला ते पाहवत नव्हतं.

काही महिन्यांनी मुलीचा निरोप आला. ती बरी होती. हल्ली घरीच स्वयंपाक करते, असं तिने लिहिलं होतं. सोबत आईचा एक फोटो पाठवला होता आणि तो साहेबांना दाखवायला सांगितलं होतं.

मी सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांच्याकडे गेलो. साहेब खिडकीजवळ बसून लसूण सोलत होते. डब्याच्या पिवळ्या डाळीला वरून फोडणी देतो, म्हणाले, नुसती जात नाही. मी फोटोचं सांगितलं आणि फोन पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही. मान दुसरीकडे वळवली.

"नको," म्हणाले. "असू दे तुझ्याकडे."

मी म्हणालो, मुलीने मुद्दाम पाठवलाय. बघा तरी. ते लसणाची एक पाकळी बोटांत फिरवत राहिले. मी फोन खिशात ठेवायला लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं,

"हसताना तोंडावर हात धरलाय का?"

मी फोटो उघडला. अंगणात, पानं गळून गेलेल्या एका झाडाखाली, मध्यम वयाची बाई उभी होती. फांद्यांना केशरी फळं लगडलेली होती. फोटो काढणाऱ्याने काहीतरी गमतीचं सांगितलं असावं, कारण ती डोळे बारीक करून हसत होती, आणि तिचा डावा हात तोंडावर होता.

"हो," मी म्हणालो.

साहेबांनी मान हलवली. "वाटलंच," म्हणाले, आणि ती पाकळी सोलून वाटीत टाकली.